धाकटीचं कानाचं मशीन

त्या फोटोत अकरा माणसं आहेत आणि मशीन एकच. मधोमध हार घातलेले पाहुणे, दोन्ही बाजूंना कचेरीतली माणसं, मागे कापडी फलक आणि पाहुण्यांच्या पोटाशी माझी धाकटी बहीण. तिच्या गळ्यात कानाचं मशीन अडकवताना पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. बाकीचेही हसताहेत. धाकटी कुणाकडेच बघत नाही, ती मशीनकडे बघतेय. हा फोटो आम्हाला मागाहून फुकट मिळाला, चांगल्या जाड कागदावर. त्या सरकारी योजनेतून आमच्या घरात कायमची राहिलेली वस्तू ती एवढीच.

मला राग लवकर येतो असं घरचे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण तो तितक्याच लवकर जातो, हेही खरं. या एका गोष्टीचा राग मात्र चाळीस वर्षं झाली तरी जात नाही. वर्तमानपत्रात असा हार-फलक-मशीनचा फोटो दिसला की माझा चहा गार होतो. आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असल्यामुळे तो कुणावर काढून मोकळंही होता येत नाही.

आमचं गाव कर्जत आणि खोपोलीच्या मधलं, रुळांपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. तीस-चाळीस घरं, भाताची खाचरं आणि समोर माथेरानचा डोंगर, वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. गावाच्या शेतांवरून विजेच्या जाड तारा गेलेल्या होत्या. खोपोलीच्या वीजघरातून निघून त्या मुंबईला जायच्या. त्यांचे लोखंडी टावर आमच्या खाचरांत पाय रोवून उभे होते आणि आमच्या घरात कंदील होता. मुंबईचे पंखे आमच्या डोक्यावरून फिरायला जात होते म्हणा ना. त्याचंही कुणाला काही वाटत नसे, कारण ते टावर आमच्या आजोबांच्याही आधीपासून तिथे होते.

धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान. दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला आणि तापातून ती उठली ती बहिरी होऊन. अगदी ठार नव्हे, एका कानात थोडं उरलं होतं. लग्नातला ढोल जवळ वाजला तर दचकायची. रुळांजवळ असलो आणि गाडीने शिट्टी दिली तर मान वळवायची. माणसाचं बोलणं मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि जे पोचत नाही ते तोंडातून येणार कुठून? ती बोलली नाही.

पण ती मुकी होती असं मी कधीच म्हणणार नाही, कारण घरात सगळ्यांत जास्त बडबड तिचीच होती. हातांनी. आमच्या गावात बायका एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बाईशी हातांनीच बोलत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी वारा आणि पाणी यांच्या आवाजात ओरडून कुणाला ऐकू जातंय? 'रोपं संपली', 'पाणी फोड', 'भाकरी आली', हे सगळं लांबून हाताने सांगायची जुनी रीत होती. धाकटीने ती रीत उचलली आणि तिचं केवढं मोठं झाड केलं! बोटांची चिमूट तीनदा खाली खुपसली की आवणी. दोन्ही हातांची कमान डोक्यावर, म्हैस. एक हात सपाट धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याच्यामागे हळूहळू खाली न्यायची, म्हणजे माथेरानमागे दिवस गेला, म्हणजे संध्याकाळ. हे तिने चार वर्षांची असताना काढलं. मी पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण चार वर्षांच्या पोराने असा शब्द घडवलेला मी पुन्हा पाहिला नाही.

माणसांनाही तिने नावं दिली होती. कपाळावर बोट, आई. ओठावरून दोन बोटं, मिशीवाले बाबा. पुढच्या दातावर नख वाजवलं की आमची काकी, म्हणजे शेजारची चुलती, कारण तिचा तो दात पडलेला होता. काकीला त्या नावाचा राग नव्हता. उलट ती स्वतःच दात दाखवत यायची. आणि दोन्ही हात खांद्यांवरून खाली ओढले, दोन लांब वेण्यांसारखे, की मी. तिने दोन वेण्या ओढल्या की मला कुठेही असलं तरी जावं लागे. सगळ्या गावाला ही भाषा येत होती. कुणी ती शिकवली नव्हती आणि कुणी शिकलोय असंही म्हणत नव्हतं.

मी दहावी झाले. गावातली पहिली मुलगी. त्याच सुमाराला, म्हणजे एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या आसपास, अपंगांसाठी मशीनं वाटण्याची योजना आमच्या भागात आली. तीनचाकी सायकली, कुबड्या आणि कानाची मशीनं. दाखले गोळा करायला बाबांच्या किती खेपा झाल्या ते सांगत बसत नाही. त्या खेपा ज्यांनी घातल्या त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घातल्या नाहीत त्यांना पटायच्या नाहीत. शेवटी दिवाळीनंतर शिबिर झालं आणि तो फोटो निघाला. त्या खात्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोकांना वाटतं, एवढंच एक खातं वाईट असेल.

टाळ्या संपल्या आणि पाहुणे जेवायला गेले. मग एका टेबलाशी रांग लावून योजनेचे साहेब मशीन कसं वापरायचं ते दाखवू लागले. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी करडी डबी, ती छातीवर अडकवायची. तिला वायर आणि वायरच्या टोकाला कानात घट्ट बसवायचं गुलाबी बूच. डबीला एक खटका. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांची पंगत मांडून तयार होती.

"हे बघ, इकडे बंद. खटका पुढे सरकवला की चालू. आत पेन्सिल सेल लागतो. कळलं?"

"साहेब, याचं माहितीचं पुस्तक असंल ना?" मी विचारलं.

"ते खोक्यात. खोकं कचेरीत जमा राहतं. इंग्रजी आहे, तुला काय करायचंय?"

"माझी दहावी झाली हाय."

"वा! मग तर काळजीच नाही. खटका पुढे, बस. आणि हा कागद नीट वाच, सगळ्यांना वाचून दाखव. पुढचा."

साहेबांनी जाता जाता एक गोष्ट मात्र नीट सांगितली. सहा महिन्यांनी ते गावात येऊन तपासणी करणार होते. मूल मशीन लावून आवाजाला ओ द्यायला लागलं असेल, तर त्याला बहिऱ्या मुलांच्या शाळेची चिठ्ठी मिळणार होती. राहण्याजेवणाची सोय असलेली शाळा, जिथे बोलायला, लिहायला, वाचायला शिकवतात. आणि ओ देत नसेल, तर मशीन परत घेऊन ते दुसऱ्या मुलाला देणार होते. बाबांनी घरी येईपर्यंत वाटेत तीन वेळा मला विचारलं, "शाळेत घेतील ना गं? जाईल ना ती?" तीनही वेळा मी हो म्हटलं. धाकटीने शाळेत जायचं, हे त्या सहा महिन्यांत आमच्या घरातलं एकमेव काम होतं.

आता तो कागद. सायक्लोस्टाइल केलेला, शाई फुटलेला, वर 'पालकांसाठी सूचना'. खटक्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. चौथी सूचना मात्र मला अजून तोंडपाठ आहे. मुलाशी हातवारे करून बोलणे संपूर्णपणे बंद करावे. हातवारे करणारे मूल बोलावयास शिकत नाही. घरच्यांनी व शेजाऱ्यांनीही ही सूचना काटेकोरपणे पाळावी.

मी पारावर उभी राहून ती वाचून दाखवली. आमच्या गावाने सरकारची एक सूचना कधी धड पाळली नव्हती. संडासाचे खड्डे खणायला सांगितले, तर त्यांत कोंबड्या डालल्या. पण ही सूचना गावाने पाळली, कारण ती मी वाचली होती. दहावी झालेली गावची पोर सांगतेय, धाकटीचं भलं होतंय, मग आपले हात आवरायला काय जातंय? एकटी काकी तेवढी कुरकुरली.

"अगं, हातानं बोललं तर काय तिच्या तोंडाला कुलूप लागंल काय?"

"काकी, कागदावर छापलंय."

"त्या कागदाशी बोलायला सगली कचेरी हाय. हिला आमीच हाव."

मी काकीला गप्प केलं. तिला अक्षर येत नव्हतं आणि मला येत होतं, एवढ्याच जोरावर.

दुसऱ्या दिवसापासून गाव मुकं झालं. आई भाकरी थापताना धाकटीकडे पाठ करून बसायची, हात चुकून काही बोलतील म्हणून. बाबा बंडीच्या खिशात हात घालून फिरायला लागले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. वालाच्या शेतात शेंगा खुडणाऱ्या बाया धाकटी आली की नुसत्या हसायच्या आणि खाली बघायच्या. ती एकीकडून दुसरीकडे जायची, दोन वेण्या ओढायची, दातावर नख वाजवायची, म्हैस दाखवायची, आणि कुणीही उत्तर देत नव्हतं. विचार करा. एका सकाळी उठावं आणि सगळ्या गावाने तुमच्याशी बोलणं टाकलेलं असावं. वाळीत टाकलेल्या माणसाला निदान कारण माहीत असतं. नऊ वर्षांच्या पोरीला काय माहीत होतं?

आणि मी तिला शिकवत होते. रोज दुपारी ओटीवर बसवून, बूच कानात घट्ट दाबून, खटका पुढे सारून. खटका पुढे म्हणजे अगदी शेवटपर्यंत. त्याच्याशेजारी इंग्रजी ओ, एम आणि टी अशी तीन बारीक अक्षरं होती. ओ म्हणजे बंद, हे उघड होतं. मग एम म्हणजे मध्यम जोर आणि शेवटी पूर्ण जोर असणार, असं मी धरून चालले. कंदिलाची वात जितकी वर कराल तितका उजेड, इतकी साधी माझी अक्कल. माझ्या बहिणीला अर्धवट आवाज मी कशाला देऊ? मी रोज निगुतीने खटका टीवर नेत होते आणि तिच्यासमोर तोंड वासून 'आ', 'ई', 'बा' म्हणत होते. सेल संपला असेल म्हणून बाबा कर्जतच्या बाजारातून नवे सेल आणत.

ती माझ्या तोंडाकडे बघे आणि मग तिचे हात उठत. उठले की मी तिच्या मनगटावर फटका मारी. जोरात नव्हे, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण रोज. ती बुचाकडे बोट दाखवी, डोकं हलवी, डबीवर टिचक्या मारी. मला वाटे, हिला मशीन नकोय, कान दुखतोय, कंटाळा आलाय. फटका. महिन्याभरात तिने हात मांडीखाली घालून बसायची सवय लावून घेतली. ते बघून मी बाबांना म्हटलं, सुधारणा आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणाला कळत नव्हती. सुटली की ती टावरकडे धावायची. आमच्या खालच्या खाचरातल्या त्या टावरखाली, तारांच्या बरोबर खाली, मशीन लावून तासन्‌तास उभी राहायची. डोळे मिटून. टावरला कवटीची लाल पाटी होती, आई घाबरून तिला ओढत आणायची. एकदा ती मला हाताला धरून तिकडे नेऊ लागली. मी तिचा हात सोडवला, मनगटावर फटका मारला आणि तिला ओटीवर आणून 'आ' म्हणायला लावलं. पुढचं सगळं लिहिताना मला एवढं जड जात नाही, जितकं हे एक वाक्य.

वैशाखात साहेब आले. शाळेच्या ओसरीत सतरंजी, साहेबांना खुर्ची, सगळं गाव भोवती. आईने धाकटीला नवा फ्रॉक घातला होता आणि मी तिच्या कानात बूच बसवून खटका पुढे सारला होता, शेवटपर्यंत. साहेब तिच्यामागे उभे राहिले. टाळी वाजवली. ती हलली नाही. तिचं नाव घेऊन हाक मारली. नाही. मग त्यांनी परातीवर काठी मारली. सहा महिन्यांपूर्वी त्या परातीला ती नक्की दचकली असती. आता कानात बूच होतं, आणि त्या बुचातून काही आत येत नव्हतं. जे थोडंफार ऐकू यायचं तेही आम्हीच तिच्या कानात कोंबून बंद केलं होतं.

साहेबांनी एकदाही त्या डबीला हात लावला नाही. वाकून नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं, समोरच्या फॉर्मवर शेरा लिहिला आणि मला दाखवला, कारण मी शिकलेली. 'प्रतिसाद नाही. बुद्धी मंद. शाळेस अयोग्य.'

"मंद नाय ती, साहेब," मी म्हटलं. "म्हणजे हातांनी..."

"हातवारे करत होतात ना? तरीच! सांगितलं होतं कागदात."

"नाय केले! सहा म्हयने कुणीपन नाय केले साहेब," आई मागून म्हणाली. तिचे हात तेव्हाही पदराखाली होते.

"आठ दिवसांत मशीन कचेरीत जमा करा. चालू स्थितीत," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पेटीत गुंडाळून ठेवलेलं मशीन पेटीत नव्हतं. मी तशीच टावरकडे पळाले. सरकारी वस्तू हरवली तर काय, हीच भीती माझ्या मनात होती, बहिणीची नव्हे. धाकटी तारांखाली उभी होती. मी पोचले तशी तिने बूच स्वतःच्या कानातून काढलं आणि माझ्या कानात घातलं. त्या सहा महिन्यांत ते बूच मी माझ्या कानाला एकदाही लावून बघितलं नव्हतं. माझे कान चांगले होते ना.

गुंऽऽऽ असा आवाज आला. जाड, सलग, गिरणीच्या घरघरीसारखा. मी बूच काढलं, तर तारा गप्प. बूच घातलं, पुन्हा गुंऽऽ. धाकटी माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मी काय खाल्लं आणि मला ते आवडलं का, हे तिला जाणून घ्यायचंय. मग तिने मला हाताला धरून टावरपासून लांब नेलं, पार बांधापर्यंत. आवाज बारीक झाला आणि गेला. काहीच नाही. मी "अगं" म्हटलं ते मला त्या कानात ऐकू आलं नाही. तिने दोन्ही तळहात पुढे करून पालथे केले. नाही. इथे काही नाही. फक्त तिथे. हेच ती मला सहा महिने सांगत होती.

माझा अंगठा खटक्यावर गेला. मी तो एक घर मागे घेतला, एमवर.

कानात जग फुटलं. माझा श्वास, माझ्या बांगड्या, कावळा, वाळलेलं गवत, लांब रुळांवरून चाललेली खोपोलीची गाडी. मी तिला बांधावर बसवलं. मग बूच तिच्या कानात घातलं आणि तिला हाक मारली. ती दचकली, तिने बूच ओढून काढलं, मागे वळून बघितलं आणि पुन्हा घातलं. मग तिने एक वाळकं पान उचललं आणि कानाजवळ चुरडलं. दुसरं उचललं, चुरडलं. मग माझं मनगट धरलं आणि बांगड्या वाजवत बसली, कितीतरी वेळ. मी रडत होते आणि माझं रडणंही तिला ऐकू येत होतं, म्हणून ती ते बघायला मधूनमधून थांबत होती.

त्या दिवशी गावात कुणी काम केलं नाही. जो तो येऊन तिच्यामागे भांडं वाजवून जायचा आणि ती वळली की ओरडायचा. बाबा मला म्हणाले, "उद्या सायबांना दाखवू. डोल्यांनी बघतील, मंग बदलतील." माझाही विश्वास होता. सांगते ना, माझी अक्कल साधी.

कचेरीत साहेब नव्हते, दौऱ्यावर होते. टेबलाशी एक वयस्कर कारकून होता. मी त्याला सगळं सांगितलं. धाकटीला पाठमोरी उभी केली आणि टाळी वाजवली. ती वळली. हळू टाळी वाजवली, तरी वळली. मी "आ" म्हटलं आणि तिने, हे मी शपथेवर सांगते, तोंड उघडून कसलातरी आवाज काढला. तिचा पहिला.

कारकुनाला बरं वाटलं. तो माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आहे.

"छान," तो म्हणाला. "खटका टीवर होता म्हणजे. टी टेलिफोनसाठी असतो, मुली. टेलिफोनवर बोलताना लावायचा. त्यात बाहेरचं बोलणं बंद होतं, फक्त फोनमधल्या विजेचं ऐकू येतं. नाहीतर तुमच्या त्या तारांमधल्या."

"आमच्या गावात टेलिफोन हाय काय?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच वाटलं, आपल्याला न सांगता बसवला की काय.

"नाही हो. पण मशीन सगळ्यांना एकसारखंच येतं."

आमच्या गावात वीज नव्हती, रस्ता नव्हता. टेलिफोन बघायला कर्जतपर्यंत जावं लागलं असतं. आणि सरकारने आम्हाला टेलिफोन ऐकायची सोय धाडली होती, तीही पुस्तक कचेरीत ठेवून. मी ते पुस्तक मागितलं. कारकुनाने खोकं काढलं. पुस्तकाला कुणी हातही लावलेला नव्हता, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिसऱ्या पानावर त्या खटक्याचं चित्र होतं आणि खाली चार सोप्या ओळी. माझ्या दहावीच्या इंग्रजीला सहज कळल्या. ते पान मला शिबिरातच मिळालं असतं तर, हा विचार मी चाळीस वर्षं करतेय.

"मग आता शेरा बदला," मी म्हटलं.

"शेरा साहेबांचा आहे. शाईने लिहिलाय. पुन्हा तपासणी पुढच्या शिबिरात. पण तोवर हिचं वय बसणार नाही." तो कागद चाळून म्हणाला. "आणि हे मशीन दुसऱ्याला लागलेलं आहे. त्याचंही लेकरू बहिरंच आहे ना, ताई?"

मी आरडाओरडा केला, टेबलावर हात आपटला. बाबा मला मागे ओढत होते आणि धाकटी त्या आपटण्याच्या आवाजाने खूश होऊन माझ्याकडे बघत होती. शेवटी बाबांनीच तिच्या कानातलं बूच काढलं. मशीन घेताना परतीच्या अटीखाली त्यांनी अंगठा उठवला होता, आणि अंगठा उठवलेला शब्द मोडायचा नाही, असे ते होते. कारकुनाने खटका एमवर ठेवला, बूच कानाला लावलं, "हॅलो, हॅलो" केलं आणि पावती फाडली. 'यंत्र सुस्थितीत परत मिळाले.'

धाकटी शाळेत गेली नाही. लिहायला तिला मीच शिकवलं, जेवढं जमलं तेवढं. दुसरं मशीन घेण्याइतकी आमची ऐपत झाली तोवर तिचा कान आणि तिची हौस दोन्ही गेली होती. एकदा घालून बघितलं तिने, आणि काढून माझ्या हातात ठेवलं.

पण त्या दिवशी कचेरीतून परतताना काय झालं ते सांगायचं राहिलं. वाटेत मी थांबले, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सहा महिन्यांनी हातांनी तिला विचारलं, भूक लागली? तिने माझ्या हातांकडे बघितलं. आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का. आणि मग उत्तर देण्याआधी स्वतःचं मनगट माझ्यापुढे धरलं, फटका घ्यायला.

घरी पोचलो तर काकी अंगणात वाट बघत होती. तिने दातावर नख वाजवलं आणि हातांनी विचारलं, कुणाबरोबर गेली होतीस? धाकटीने मिशी दाखवली, बाबा. मग माझी खूण करायची म्हणून तिचे हात उठले. मी बघत होते. ते खांद्यांकडे गेले नाहीत. तिने उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर मारली, चट्, चट्.

तेच माझं नाव झालं. वेण्या कधीच कापल्या, केस पांढरे झाले, मी मास्तरीण म्हणून निवृत्त झाले. आजही मी गावाच्या वाटेला लागले की धाकटीच्या शेजाऱ्यांची नातवंडं, ज्यांना यातलं काही माहीत नाही, तिला सांगायला पुढे पळतात. तिच्यासमोर उभी राहतात आणि मनगटावर दोन बोटं मारून सांगतात की मी आले.